बडेबाबूंची एकमेव रजा

मला रागवायला फार वेळ लागत नाही आणि राग उतरायला त्याहून कमी लागतो. पण भोपाळला नेहरू नगरात राहत असताना आमच्या घरमालकीणबाईंवर मी एकदा अशी काही भडकले होते, की जिना उतरताना पायात चपला नाहीत हेही मला कळलं नाही. माझी पाच वर्षांची लेक टायफॉइडने फणफणलेली आणि या बाईंनी माझा रजेचा अर्ज नामंजूर केलेला! रजा नोकरीतली नव्हे हो. मी ज्या शाळेत गणित शिकवत होते त्या शाळेने मला केव्हाच रजा दिली होती. ही रजा होती लिहिण्यापासूनची, आणि ती मागायची कोणाकडे, तर घरमालकिणीकडे. ऐकणाऱ्याला वाटेल, दोघींची डोकी ठिकाणावर नव्हती. थोडी नव्हतीच. पण हे नीट सांगायला हवं.

आम्ही मूळचे पुण्याचे. नवऱ्याची बदली भोपाळला झाली, आणि झाली तीही अशी, की महिन्यातले वीस दिवस तो कुठल्या तरी साइटवर आणि मी नि लेक घरात. घर पाहायला गेलो तेव्हा बाई दारातच उभ्या होत्या. सुती साडी, कडक इस्त्री, हातात पुरुषी घड्याळ. भाडं नाही, डिपॉझिट नाही, त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो माझ्या काखेतल्या वह्यांबद्दल.

"हे काय?"

"मी लिहिते थोडंफार. गोष्टींचं पुस्तक करायचं आहे."

"किती वाजता?"

"म्हणजे?"

"किती वाजता लिहिता?"

"वेळ मिळेल तेव्हा," मी म्हटलं.

"मंग नाहीच लिहून राहिल्या तुम्ही," बाई म्हणाल्या आणि किल्ली हातात दिली.

तोंडावर असं कोणी बोललं की मी सहसा दोन शब्द ऐकवते. त्या दिवशी मात्र मुकाट किल्ली घेतली, कारण बाईंचं खरं होतं. सहा वर्षांत माझ्या सात गोष्टी झाल्या होत्या आणि त्यातल्या तीन अर्ध्या होत्या.

त्यांना सगळी गल्ली 'बडेबाबू' म्हणायची. एका सरकारी कार्यालयाच्या स्थापना शाखेत, म्हणजे जिथे लोकांच्या नेमणुका, बदल्या नि रजा बघतात तिथे, त्यांनी उभा जन्म काढला होता आणि हेडक्लार्क होऊन त्या निवृत्त झाल्या होत्या. तिकडे हेडक्लार्कला बडे बाबू म्हणतात, मग खुर्चीत बाई असो की बुवा. भाजीवाला, दूधवाला, इस्त्रीवाला, एवढंच काय, त्यांचे स्वतःचे यजमानसुद्धा त्यांना बडेबाबूच म्हणत. मी 'काकू' म्हणायचे. ते त्यांनी चालवून घेतलं.

काकूंचे वडील राज्य नवं होऊन राजधानी भोपाळला आली तेव्हा नागपूरहून कार्यालयाबरोबर इथे आलेले कारकून. त्या वेळी अशी कितीतरी कुटुंबं आली. आणि काकूही एक पुस्तक लिहीत होत्या, ते त्या कुटुंबांतल्या बायकांबद्दल. सरकारी क्वार्टरांत येऊन पडलेल्या, हिंदीचा गंध नसलेल्या, शेजारणीशी खाणाखुणांनी बोलणाऱ्या बायका. त्यांच्या आईने तर भोपाळात मिळेल न मिळेल म्हणून नागपूरहून पाटा-वरवंटा ट्रंकेत घालून आणला होता. "हमालानं ट्रंक उचलली अन् माझ्या बापाला शिव्या घातल्या," काकू सांगायच्या. "अन् इथं येऊन पाहते, तर प्रत्येक घरी सिलबट्टा, म्हणजे पाटा-वरवंटाच! आई दोन दिवस बोलली नाही कोणाशी." त्या बायकांतल्या आता दोघी-तिघीच उरल्या होत्या. त्या आहेत तोवर पुस्तक त्यांच्या हातात पडावं, एवढाच काकूंचा हट्ट होता. नाव व्हावं, बक्षीस मिळावं, असलं काही त्यांच्या डोक्यातच नव्हतं.

आणि त्यांचं लिहिणं! बरोब्बर साडेदहाला त्या आंघोळ करून, इस्त्रीची साडी नेसून, घड्याळ बांधून मधल्या खोलीतल्या टेबलाशी जायच्या. आधी हजेरीच्या रजिस्टरात सही. मग लिहिणं. सव्वाअकराला उठणं. घरातल्या घरात हो! काका, म्हणजे त्यांचे यजमान, कारखान्यातून निवृत्त झालेले, अत्यंत शांत गृहस्थ. साडेदहाला उठून ते मधल्या खोलीचं दार ओढून घ्यायचे आणि बाहेरच्या खुर्चीत मटार नाहीतर वाल सोलत बसायचे. कोणी आलं की सांगायचे, "बडेबाबू ऑफिसमध्ये आहेत." माणूस निमूट परत जायचा. एकदा काकूंची सख्खी नणंद नागपूरहून न कळवता आली आणि तिलाही सव्वाअकरापर्यंत बाहेर बसवलं. तिने पुढे दोन वर्षं ते सगळ्या नातेवाइकांना ऐकवलं. काकूंना त्याचं काही नव्हतं. "मी ऑफिसात असती तर आली असती का ती माझ्या टेबलाशी? मंग?"

सव्वाअकराला दार उघडायचं आणि काकू त्या दिवशीचं पान काकांना वाचून दाखवायच्या. काका मटार सोलत ऐकायचे. आवडलं तर म्हणायचे, "पुढे." नाही आवडलं तर नुसतं, "हं." 'हं' झालं की पान फाटलं. तीस-चाळीस वर्षांच्या संसारात त्या माणसाने बायकोला दिलेला हा एकूण साहित्यविषयक सल्ला. पण काकू त्या 'पुढे'साठी जीव टाकायच्या, हे मी सुटीच्या दिवशी वरच्या गॅलरीतून पाहत होते.

रजेचं प्रकरण असं सुरू झालं. राहायला आल्यावर महिन्याभराने काकूंनी माझीही वेळ ठरवून टाकली. शाळेतून आल्यावर, चार ते पावणेपाच. न लिहिलं तर रजेचा अर्ज द्यायचा. मला वाटलं, म्हातारीची गंमत चालली आहे. मीही गमतीत पहिला अर्ज दिला: 'आज पाहुणे येणार असल्याने लिहिता येणार नाही.' दहा मिनिटांत तो जिन्यावरून परत आला. खाली जांभळ्या शाईत शिक्का: अस्वीकृत. बिट्टन मार्केटमधून मुद्दाम करून आणलेला रबरी शिक्का!

"आणि मंजुरीचा शिक्का?" मी विचारलं.

"तो नाही केला. काम नाही पडत त्याचं."

त्या स्वतःलाही अर्ज करायच्या, बरं का. गुडघे दुखतात, पापड करायचे आहेत, मुलाचा पुण्याहून फोन येणार आहे. अर्ज लिहायच्या, पाच मिनिटं थांबायच्या आणि स्वतःच शिक्का मारायच्या. मी म्हटलं, "काकू, नामंजूरच करायचा तर लिहायचा कशाला?" तर म्हणाल्या, "कारण लिहिलं की दिसते ना वं, केवढंसं आहे ते."

हे मात्र खरं निघालं. माझे अर्ज आजही माझ्याकडे एका कापडी फाइलीत आहेत. पेपर तपासायचे आहेत. डोकं दुखतंय. कुकरची शिट्टी बिघडली आहे. (यावर काकूंचा लाल शेरा: 'शिट्टी लिहिणार होती काय?') सुचत नाही. (शेरा: 'ऑफिसात कोणाला सुचते?') एका अर्जात मी खरंच कळवळून लिहिलं होतं, की माझं लिहिणं कोणाला हवं आहे, कोणाचं काय अडलं आहे. त्यावर शेरा नव्हता. शिक्का मात्र दोनदा मारलेला होता. शिव्या देत देत मी बसायचे, आणि बसल्यावर पान नाही तर अर्धं पान व्हायचंच. वर्षभरात माझ्या अर्ध्या राहिलेल्या गोष्टी पुऱ्या झाल्या.

तर तो टायफॉइडचा दिवस. लेकीला एकशे तीन ताप, नवरा साइटवर, फोन लागेना. मी कपाळावर पट्ट्या ठेवत होते. पावणेचारला, आता सवयीने म्हणा, एका चिठोऱ्यावर 'मुलगी आजारी, रजा हवी' एवढं लिहून मी कामवालीच्या हाती खाली पाठवलं. तीच चिठ्ठी परत आली. अस्वीकृत.

मी अनवाणी खाली गेले आणि नाही नाही ते बोलले. तुम्हाला काळीज आहे की फाइल आहे, तुमचं पोर असतं तर कळलं असतं, जळो ते लिहिणं. काका हातातलं वर्तमानपत्र घेऊन तसेच उभे राहिले. काकू शांतपणे पिशवी भरत होत्या. थर्मामीटर, विणकाम, एक लिंबू, मोसंबीचा रस भरलेली बाटली.

"झालं बोलून?" त्या म्हणाल्या. "चिठ्ठीची मागली बाजू वाचली का?"

नव्हती वाचली. मागे लाल शाईत होतं: 'बदली कर्मचारी चार वाजता हजर होत आहे.'

काकू जिना चढून वर आल्या, गुडघ्यावर हात ठेवत, प्रत्येक पायरीला "अगं बाई" म्हणत. लेकीच्या उशाशी बसल्या, पट्टी पिळली, मला म्हणाल्या, "जा. पंचेचाळीस मिनिटं. तिला काही लागलं तर हाक मारते. इथं बसून तू तिचा ताप थोडीच उतरवून राहिली? नुसती रडून राहिली." मी पलीकडच्या खोलीत गेले आणि आधी पोटभर रडले. मग चार ओळी लिहिल्या. त्या चार ओळी वाईट होत्या, पुढे खोडल्याही. पण आईपण आलं की बाकीचं सगळं बाजूला ठेवायचं असतं, हे जे मी आजवर मुकाट्याने मानत आले होते, त्याला त्या दिवशी पहिल्यांदा तडा गेला. पावणेपाचला बाहेर आले तेव्हा लेक काकूंच्या मांडीवर झोपली होती आणि काकूंचा पाय मुंग्या येऊन बधिर झाला होता. असे पुढचे अकरा दिवस त्या येत राहिल्या.

आता माझ्या चुकीबद्दल.

दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले असतील, काकांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. इस्पितळातून घरी आणलं तेव्हा काका डोळ्यांनी सगळं ओळखत होते, पण तोंडातून शब्द फुटत नव्हता. काकूंच्या पुस्तकाची तीन प्रकरणं उरली होती. शेवटचं त्यांच्या आईचं.

चौथ्या दिवशी जिन्यावर मला एक कागद मिळाला. काकूंचा अर्ज, आणि या वेळी स्वतःला नाही, मला! 'यजमानांच्या आजारपणामुळे अनिश्चित काळासाठी रजा मिळावी.' सोबत शिक्का आणि शाईचं पॅड.

मी काय केलं असेल? माझा जीव कळवळला. म्हटलं, या बाईला आता कशाला छळायचं? शिक्का बाजूला ठेवला आणि निळ्या पेनाने, चांगल्या वळणदार अक्षरात लिहिलं: 'मंजूर.' वर आणखी 'काळजी घ्यावी' असंही लिहिलं. मोठं पुण्य केल्यासारखं वाटलं मला.

काकूंनी तो कागद वाचला, घडी घातली आणि कमरेला खोचला.

त्यानंतर मधल्या खोलीचं दार बंद झालं नाही. इस्त्रीच्या साड्या कपाटात गेल्या. घड्याळ टेबलावरच पडून राहिलं. सुटीच्या दिवशी साडेदहाला काकू गाऊन घालून काकांना पेज भरवत बसलेल्या दिसायच्या आणि भरवून झालं तरी तशाच बसून राहायच्या. घरात त्यांच्या मुलाने ठेवलेली सकाळची बाई होती, म्हणजे हात मोकळे नव्हते असंही नाही. भाजीवाल्याने मला विचारलं, "दीदी, बडेबाबू की छुट्टी कब खतम होगी? अब तो भाव भी नहीं करतीं।" काकू घासाघीस करेनाशा झाल्या हे ऐकून मी त्या दिवशी भाजी न घेताच परतले.

मी एकदा भीत भीत म्हटलं, "काकू, थोडा वेळ बसून बघा ना लिहायला."

"रजेवर आहे मी."

"अहो, ती काय खरी रजा आहे?"

"मंजूर आहे. तुझी सही आहे खाली."

मग काकांच्या खोलीकडे बघत, जरा हळू आवाजात त्या म्हणाल्या, "अन् लिहून वाचू कोणाला? पुढे कोण म्हणणार?"

मी वर आले आणि मला स्वतःचाच इतका संताप आला म्हणता! अहो, ही बाई जन्मभर लोकांच्या रजा बघत आली. अर्ज लिहिला की कारण केवढंसं आहे ते दिसतं, हे तिनेच मला शिकवलं. या वेळी कारण तिच्यापेक्षा मोठं झालं होतं, स्वतःवर शिक्का मारायला हात उचलत नव्हता, म्हणून तिने तो माझ्याकडे पाठवला होता. शिक्का नि पॅड सोबत देऊन! यापेक्षा स्पष्ट कोणी काय सांगायचं? आणि मी शहाणी, दया दाखवून मोकळी झाले. ती माझ्या पोरीच्या उशाशी अकरा दिवस बसली होती, आणि मी 'काळजी घ्यावी' असं लिहून हात झटकले. दया करायला काय लागतं? एक निळं पेन.

दुसऱ्या दिवशी शाळेत मी पुढच्या दिवसाची खरी रजा टाकली. कारणाच्या जागी लिहिलं, 'आवश्यक कार्य'. घरी येऊन सरकारी हिरव्या नोटशीटचा एक कागद शोधला. काकूंनीच दिलेला गठ्ठा होता माझ्याकडे. त्यावर सुवाच्य अक्षरात आदेश लिहिला: 'विषय: मंजूर रजा रद्द करून कामावर परत बोलावणेबाबत. आपली रजा या कार्यालयाने घाईने मंजूर केली होती. ती रद्द करण्यात येत आहे. आपण उद्या साडेदहा वाजता टेबलाशी हजर व्हावे. यजमानांजवळ बदली कर्मचारी म्हणून खाली सही करणारी हजर राहील.'

तो खाली नेऊन दिला. काकूंनी चष्मा लावला. वाचलं. मग आत गेल्या. मला वाटलं, आता कागद फाटणार. त्या लाल पेन घेऊन बाहेर आल्या!

"जावक क्रमांक कुठंय?"

"नाही घातला."

"अर्जाचा संदर्भ?"

"राहिला."

"अन् हे 'घाईने' काय? आदेशात असं लिहितात का? आपलीच चूक कागदावर आणते कोणी?" त्यांनी 'घाईने' लाल शाईत खोडलं. मग कागदाची घडी घातली आणि म्हणाल्या, "पेज गाळून देजो. गुठळी राहिली तर ठसका लागते त्यांना."

दुसऱ्या दिवशी सव्वादहाला मी खाली गेले. काकू इस्त्रीच्या साडीत होत्या. घड्याळ मनगटावर सैल झालं होतं, इतक्या त्या वाळल्या होत्या. त्यांनी रजिस्टरात सही केली, काकांकडे एकदा पाहिलं आणि मधल्या खोलीत जाऊन बसल्या. मी काकांपाशी बसून पेज भरवायला घेतली. पहिला चमचा त्यांनी घेतला. दुसरा घेईनात. तोंड फिरवलं. मी म्हटलं, काय हवं काका? पाणी? उशी? ते डाव्या हाताने नुसतं माझ्या खांद्यापलीकडे दाखवत राहिले, पुन्हा पुन्हा, चिडून. चमचा उडून माझ्या ओच्यात पडला. मी वळून पाहिलं.

मधल्या खोलीचं दार उघडं होतं. साडेदहा वाजून गेले होते आणि दार ओढायचं राहिलं होतं.

आतून काकूही दाराकडेच पाहत होत्या. पेन हातात, कागद कोरा. त्यांनी काकांचा दाराकडे रोखलेला हात पाहिला. मी उठले आणि दार ओढून घेतलं. परत येऊन बसले तेव्हा काकांनी स्वतःहून तोंड उघडलं होतं. मी पेज भरवत होते आणि माझे डोळे गळत होते. लाज वाटली नाही, आजही वाटत नाही.

पुढे आम्ही वेळा बदलून घेतल्या. मी शाळेतून आले की तीन ते पावणेचार मी काकांजवळ, चार ते पावणेपाच माझी लेक खाली काकूंजवळ. काकूंचं पुस्तक उन्हाळ्यात पुरं झालं. स्वतःच्या खर्चाने थोड्या प्रती काढल्या, आणि त्या दोघी-तिघी म्हाताऱ्यांना रिक्षातून जाऊन स्वतः देऊन आल्या. माझंही झालं. नंतर आमची पुण्याला बदली झाली आणि काकू काकांना घेऊन मुलाकडे पुण्याला गेल्या. म्हणजे आम्ही त्यांच्या भोपाळातून आमच्या गावी परतलो, आणि त्या आमच्या पुण्यात परक्या होऊन बसल्या आहेत. हल्ली मी अर्जाचा फोटो मोबाइलवर पाठवते. शिक्का त्यांनी बरोबर नेला आहे, एवढं सांगितलं म्हणजे पुरे.

पण त्या सकाळचं एक सांगायचं राहिलं. सव्वाअकराला दार उघडलं. काकू बाहेर आल्या, काकांच्या पायाशी बसल्या आणि दीड पान वाचून दाखवलं. आई, ट्रंक, हमाल. काका 'पुढे' म्हणाले नाहीत, 'हं'ही म्हणाले नाहीत. डोळे मिटून ऐकत होते. काकूंनी पान फाडलं नाही. मग त्यांनी माझ्या हातात घडी केलेला एक हिरवा कागद ठेवला आणि पेजेचं भांडं उचलून स्वयंपाकघरात गेल्या. तो त्यांचा रुजू झाल्याचा अहवाल होता. क्रमांक, संदर्भ, सगळं जिथल्या तिथे: 'आदेशानुसार आज साडेदहा वाजता कामावर रुजू झाले. काम दीड पान.' त्याखाली सही. आणि सहीच्या खाली, लाल नाही, साध्या निळ्या शाईत दोन ओळी होत्या:

'ता. क. आदेशातला "घाईने" हा शब्द मी खोडला होता. तो खरा होता, परत लिहून घेणे.'